ओटीपीची कुळकथा

ओटीपीचा मूळपुरुष शोधायचा तर मोबाइल, एसएमएस, बँक सगळं बाजूला ठेवून १९८१ सालात जावं लागतं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाचा एक छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. तारेवरून जाणारा पासवर्ड कोणीतरी चोरून ऐकतो आहेच असं धरून चाललं, तर दार सांभाळायचं कसं, हा त्यातला प्रश्न.

गणितातल्या काही क्रिया उसाच्या चरकासारख्या असतात. रस निघतो, पण रसापासून ऊस परत उभा करता येत नाही. लॅम्पोर्टची युक्ती अशी की, आपलं गुपित अशा चरकातून लागोपाठ, समजा, १००० वेळा काढायचं आणि शेवटचं उत्तर सर्व्हरकडे ठेवायचं. आत शिरताना आपण ९९९वं उत्तर द्यायचं. सर्व्हर ते एकदाच पिळतो आणि जवळच्या उत्तराशी ताडून पाहतो. पुढच्या खेपेला ९९८वं. आजचं उत्तर चोरणाऱ्याला उद्याचं हवं, तर चरक उलटा फिरवावा लागेल, आणि तो फिरत नाही.

कल्पना देखणी, पण राबवायची कशी? न्यू जर्सीच्या बेलकोअर कंपनीत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘एस-की’ ही प्रणाली तयार झाली, तेव्हा हा पेच समोर आला. प्रत्येक उत्तर ६४ बिटांचं. असला आकडा न चुकता टाइप कोण करणार? म्हणून त्याचे सहा इंग्रजी शब्द करायचे ठरलं. २०४८ शब्दांची ठरावीक यादी, एकही शब्द चार अक्षरांहून मोठा नाही. प्रवासाला निघताना अशा ओळींचा छापील कागद खिशात ठेवायचा आणि वापरलेली ओळ खोडायची. या साऱ्या वंशावळीत मला हा कागदच सर्वांत आवडतो. त्याला ना बॅटरी लागत होती, ना रेंज.

दुसरी शाखा घड्याळाची. केनेथ वाइस यांनी १९८४मध्ये काढलेल्या सिक्युरिटी डायनॅमिक्स कंपनीचं ‘सिक्युरआयडी’ हे चिमुकलं यंत्र दर मिनिटाला पडद्यावर नवा आकडा दाखवी. सर्व्हरही तेच गुपित आणि तीच वेळ घेऊन तोच आकडा काढी. यंत्रातलं घड्याळ थोडं मागेपुढे होणारच, म्हणून सर्व्हर आजूबाजूच्या मिनिटांचे आकडेही चालवून घेई आणि कोणतं यंत्र किती ढळलं आहे, ते लक्षात ठेवी. पुढे २०११मध्ये या तऱ्हेचं खुलं मानक आलं आणि यंत्राची जागा मोबाइलमधल्या ॲपने घेतली. मिनिटाचीही ३० सेकंदं झाली.

तरी बघणं आणि टाइप करणं माणसाच्याच गळ्यात होतं. ते टाळण्याची मला भावलेली खटपट स्वीडनमधल्या युबिको कंपनीची. २००८मध्ये आलेली त्यांची यूएसबी किल्ली संगणकाला ‘मी कीबोर्ड आहे’ असं सांगते. बोट लावलं की ४४ अक्षरं स्वतःच टाइप करते. पण फ्रेंच आणि जर्मन कीबोर्डांवर काही अक्षरांच्या जागा वेगळ्या असतात. म्हणून बहुतेक ठिकाणी जागा न बदलणारी सोळाच अक्षरं तिच्यासाठी निवडली. सोय अशा बारकाव्यांतून येते.

आपल्याकडे हे कूळ घरोघरी पोचलं ते रिझर्व्ह बँकेमुळे. कार्डाने ऑनलाइन पैसे देताना आणखी एक खातरजमा हवीच, हा नियम १ ऑगस्ट २००९पासून लागू झाला. सुरुवातीला अनेक बँकांनी त्यासाठी आणखी एक कायमचा पासवर्ड दिला, म्हणजे विसरायची आणखी एक सोय. मग एसएमएसचा ओटीपी रुळला, आणि पाठोपाठ फोन करून गोड बोलून तो काढून घेणारेही. २०१८मध्ये आयफोन आलेला आकडा कीबोर्डच्या वर स्वतःच दाखवू लागला. खोट्या संकेतस्थळावरही तो भरला जाऊ नये, म्हणून २०२०मध्ये संदेशाच्या शेवटच्या ओळीत संकेतस्थळाचं नाव गुंफण्याची पद्धत आली.

आकडाच नको, नुसतं ‘हो’ दाबा, ही पुढची पायरी. इथे मात्र सोय अंगाशी आली. सप्टेंबर २०२२मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड मिळवलेल्या चोराने लॉगिनचा सपाटा लावला. फोनवर मंजुरीच्या विनंत्या येत राहिल्या आणि शेवटी त्या कर्मचाऱ्याने एक मान्य केली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने अशा मंजुरीसाठी मे २०२३पासून संगणकावर दिसणारे दोन अंक फोनमध्ये टाइप करणं सक्तीचं केलं. एवढ्या वर्षांत काढून टाकलेलं काम मुद्दाम परत आणलं, आणि माझ्या मते ते बरोबरच केलं.

यूपीआयने वेगळी वाट धरली. नोंदणीच्या वेळी ॲप आपल्याच सिममधून बँकेकडे संदेश धाडतं आणि फोन हाच दुसरा पुरावा ठरतो. नंतर सहसा फक्त पिन. २०२२मध्ये ॲपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून पुढे रेटलेल्या पासकीत तर माणसाने वाचून दाखवण्याजोगं काही उरतच नाही. गुपित संकेतस्थळाकडे कधी जातच नाही, बोट किंवा चेहरा दाखवला की सही होते, आणि खोट्या संकेतस्थळासाठी ती सही होतच नाही. पण फोन हरवला, की पुष्कळ सेवा अजूनही खातं परत देताना नव्या सिमवर सहा आकडे पाठवतात.