क्वीअर पालकत्व आणि प्रसूतिसेवा

समलिंगी, ट्रान्स आणि इंटरसेक्स व्यक्तींचे आईबाप होणे, त्यांचे गर्भारपण, बाळंतपण आणि त्याभोवतीचे कायदे, हा या नोंदीचा विषय. बाळ जन्मले की बधाईला येणारे तृतीयपंथी महाराष्ट्राला नवे नाहीत. बाळाला मांडीवर घेऊन आशीर्वाद देणाऱ्यांना स्वतःचेही मूल असू शकते, हे मात्र दवाखान्यातल्या केस पेपरने अजून मनावर घेतलेले नाही.

या विषयाची एक नाळ नाशिकशी जोडलेली आहे. म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची (स्थापना १९९८) पदवी राज्यभरचे एमबीबीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि नर्सिंगचे विद्यार्थी घेतात. एमबीबीएसचा अभ्यासक्रम मात्र ठरतो दिल्लीत, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका समलिंगी जोडप्याच्या खटल्यात वैद्यकीय पुस्तकांतील समलिंगीविरोधी मजकुरावर बोट ठेवले आणि या आयोगाने ऑक्टोबरमध्ये महाविद्यालयांना व लेखकांना समज दिली. तरी ऑगस्ट २०२४ च्या नव्या अभ्यासक्रमात स्त्रियांमधील समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’त येऊन बसले. समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळणारा कलम ३७७ चा निकाल लागून तेव्हा सहा वर्षे होत आली होती! ओरड झाल्यावर ५ सप्टेंबरला आयोगाने तो अभ्यासक्रम मागे घेतला. हा भाग न्यायवैद्यकाचा, प्रसूतिशास्त्राचा नव्हे; पण दोन्ही पुस्तके वाचणारा विद्यार्थी एकच.

कागदाची अडचण नावनोंदणीपासून सुरू होते. ‘पतीचे नाव’ हा रकाना रिकामा राहिला की प्रश्न सुरू. सिझेरियनसाठी सज्ञान रुग्णाची स्वतःची संमती कायद्याने पुरते, तरी ‘नातेवाईक कोण?’ ही हाक येतेच, आणि बाहेर बाकावर बसलेली जोडीदार कागदोपत्री ‘मैत्रीण’ ठरते. त्यात आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. ज्यांच्याशी माहेराने बोलणे टाकले, त्यांना शेकशेगडी कोण करणार आणि अळिवाचे लाडू कोण वळणार, याला कोणताही सरकारी अर्ज उत्तर देत नाही.

कायदा अर्धेच दार उघडतो. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार २१ ते ५० वयाची एकटी स्त्री उपचार घेऊ शकते. ‘जोडपे’ म्हणून यायचे तर ते विवाहित स्त्री-पुरुषाचेच हवे. म्हणजे दोघी मिळून निर्णय घेतात, पण क्लिनिकच्या लेखी आई एकटीच. सरोगसी एकट्या स्त्रियांपैकी फक्त विधवा वा घटस्फोटितेला, तीही ३५ ते ४५ या वयात. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या ‘सुप्रियो’ निकालाने समलिंगी विवाह आणि संयुक्त दत्तक, दोन्ही नाकारले.

एके काळी मुंबईत उलटी गंमत होती. २००८ च्या सुमारास इस्रायलचे समलिंगी पुरुष सरोगसीसाठी इथे येत. २०१० मध्ये त्यांतल्या एका बापाला जुळ्यांसह काही महिने मुंबईत अडकून पडावे लागले. जेरुसलेमच्या न्यायालयाने मुलांच्या नागरिकत्वासाठी लागणाऱ्या पितृत्व चाचणीचा आदेश द्यायला नकार दिला होता. भारताच्या २०१२ च्या व्हिसा नियमांनी ही वाट बंद केली.

मराठी मुलखातले सर्वांत गाजलेले उदाहरण बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांचे. महिला शिपाई म्हणून भरती झालेल्या साळवे यांना लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा नाकारली गेली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. २०२० मध्ये लग्न, जानेवारी २०२४ मध्ये मुलगा. बातम्यांतून रजेच्या अर्जाइतकेच बाळाचेही कौतुक झाले.

न्यायालयाची भाषा दवाखान्याच्या पुढे निघाली आहे. गर्भपाताविषयीच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘स्त्री’ या शब्दात गर्भपाताची गरज पडणाऱ्या इतर लिंगओळखीच्या व्यक्तीही धरल्या. महाराष्ट्रातल्या एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात, एप्रिल २०२४ मध्ये, याच न्यायालयाने ‘गर्भवती व्यक्ती’ असाच शब्द वापरला.

असे गर्भारपण देशाने पाहिले ते केरळात. ट्रान्स पुरुष जहाद यांनी ८ फेब्रुवारी २०२३ रोजी कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सिझेरियनने बाळाला जन्म दिला. जोडीदार झिया ट्रान्स स्त्री. बाळाला दूधपेढीतले दूध द्यायचे आधीच ठरले होते. जन्मदाखल्यावर मात्र जहाद ‘आई’ आणि झिया ‘वडील’ अशी नोंद झाली. दोघे उच्च न्यायालयात गेले. जून २०२५ मध्ये आदेश झाला: आई-वडिलांचे रकाने काढून, लिंग न लिहिता, दोघांची नावे ‘पालक’ म्हणून घालावीत.