रेपो दर, महागाई आणि आपले कर्ज : रिझर्व्ह बँकेचे पतधोरण समजून घेऊ

साधारण दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँक पतधोरण जाहीर करते आणि रेपो दराचा मथळा झळकतो. त्याचा आपल्या घरखर्चाशी काय संबंध, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. म्हणून ही माहिती आम्ही थोडक्यात देत आहोत.

साधने कोणती?

बँका सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून अल्प मुदतीचे कर्ज घेतात. त्यावरचा व्याजदर म्हणजे रेपो दर. तो वाढला की कर्जे महागतात, मागणी मंदावते आणि महागाईला लगाम बसतो. घटला की कर्जे स्वस्त होऊन व्यवहाराला चालना मिळते.

दुसरे साधन सीआरआर, म्हणजे ठेवींतील जो हिस्सा बँकांना रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो तो. तिसरे, रोख्यांची खुल्या बाजारातील खरेदी-विक्री. खरेदी केली की बाजारात पैसा येतो, विक्री केली की तो परत खेचला जातो. रुपया झपाट्याने घसरू लागला, तर रिझर्व्ह बँक डॉलरही विकते. खनिज तेल आयात करणाऱ्या आपल्या देशात रुपया घसरला की महागाई वाढते.

निर्णय कोण घेते?

2016 पासून सहा सदस्यांची पतधोरण समिती. तीन सदस्य रिझर्व्ह बँकेचे, तीन केंद्र सरकारने नेमलेले. समान मते पडल्यास गव्हर्नरांचे मत निर्णायक. महागाई 4 टक्के राखायची, ती 2 ते 6 टक्क्यांच्या मर्यादेत असावी, हे उद्दिष्ट.

कोरोनाकाळात, मे 2020 मध्ये, रेपो दर 4 टक्क्यांवर आणला गेला. एप्रिल 2022 मध्ये महागाई 7.79 टक्क्यांवर गेली. त्यानंतर मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात दर वाढवत 6.50 टक्क्यांवर नेला.

बाबासाहेबांनी काय मांडले?

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ग्रंथ 1923 चा. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि 1 एप्रिल 1935 रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. रुपयाची क्रयशक्ती स्थिर हवी, हा बाबासाहेबांचा आग्रह होता. किमती वाढतात तेवढ्या वेगाने मजुरी वाढत नाही, त्यामुळे रुपयाच्या घसरणीचा भार कष्टकऱ्यांवर पडतो, हे त्यांनी दाखवून दिले.

लाभ सर्वांपर्यंत पोहोचतो का?

नाही, आणि खरा प्रश्न इथेच आहे. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी बदलत्या व्याजदराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडावी लागतात. त्यामुळे पगारदार गृहकर्जदाराला दरकपातीचा फायदा मिळतो. पण बचत गटातील महिलेने मायक्रोफायनान्सकडून ठरलेल्या दराने घेतलेले कर्ज किंवा सावकाराचे देणे त्याने हलत नाही. शिवाय पाऊस लांबला आणि भाजी, डाळ महागली, तर व्याजदर वाढवून पीक येत नाही.

म्हणून महागाई आधी गरिबाला गाठते आणि स्वस्त कर्ज त्याच्यापर्यंत शेवटी पोहोचते. पतधोरण आवश्यकच आहे, पण ते पुरेसे नाही. बँकेची दारे वस्तीपर्यंत उघडली पाहिजेत. तोवर आमचे वाचकांना एवढेच सांगणे : कर्ज घेताना व्याज स्थिर की बदलते, आणि ते कोणत्या दराशी जोडले आहे, हे विचारल्याशिवाय सही करू नका.