नेर, नगर आणि जोडशब्दांचे सांधे

आमच्या तालुक्यात पारनेर आहे, निळोबारायांचे पिंपळनेर आहे आणि निघोजच्या बाजूला वडनेरही आहे. संगमनेर, जामनेर, अमळनेर ही यांचीच भावंडे. या नावांतला ‘नेर’ म्हणजे ‘नगर’, असे बहुतेक अभ्यासक मानतात. प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘ग’ गळाला, नगरचे ‘नयर’ झाले, ‘अय’चा ‘ए’ होऊन ‘नेर’ उरले. पारनेरचे नाव पराशर ऋषींवरून पडले असे गावात सांगतात. ही कथा खरी धरली तरी तिने फक्त पूर्वपदाचा उलगडा होतो.

सामान्यनाम म्हणून ‘नेर’ आज कुणी वापरत नाही. धुळे-यवतमाळकडे या नावाची गावे आहेत, तेवढीच. जोडशब्दाच्या आश्रयाने मात्र तो टिकून राहिला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने वसवलेल्या शहराच्या नावात ‘नगर’ धडधाकट राहिले, आणि २०२४ मध्ये पूर्वपद बदलून अहिल्यानगर झाले तरी उत्तरपदाला धक्का लागला नाही. एसटीच्या फाट्यावर तर पूर्वपदाची कुणाला आठवणही नसते. ‘नगर, नगर’ एवढाच पुकारा.

झीज इतकी होऊ शकते की जोड दिसेनासाच होतो. सुवर्णकाराचा सोनार झाला, कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, चर्मकाराचा चांभार. गावगाड्यातले निम्मे धंदे म्हणजे असे बुजलेले समास आहेत. ‘सोनार’ हा सामासिक शब्द, असे शाळेत सांगितले तर मुले हसतील.

दादोबा पांडुरंगांच्या १८३६च्या व्याकरणानंतर, विशेषतः मोरो केशव दामल्यांच्या १९११च्या ग्रंथात, शब्दसिद्धीचा विचार तपशिलाने झाला. पण समास शिकवताना भर विग्रहावर राहतो, उच्चारावर नाही. माझ्या मते जोडशब्दाला दोन सांधे असतात, एक अर्थाचा आणि एक तोंडाचा. ‘पिंपळनेर’मध्ये दोन्ही एकाच जागी येतात: पिं-पळ्-नेर्. पूर्वपदाच्या शेवटचा ‘अ’ बोलताना गळतो आणि तिथेच जीभ थांबते. घरजावई आपण घर्-जा-वई असा म्हणतो, घ-रजा-वई असा कधीच नाही. टाकळी ढोकेश्वरला मात्र फसगत होते. विग्रह ढोक अधिक ईश्वर, उच्चार ढो-केश्-वर्. अर्थाचा सांधा ‘के’ या एका अक्षराच्या पोटात गेला. संधीने केलेली ही करामत.

हे मराठीपुरतेच नाही. स्वीडिश भाषाही जोडशब्द सलग लिहिते आणि जोडताना पूर्वपदाला मुरड घालते. तिच्यात ‘मुलगी’ या अर्थाच्या शब्दाचा अंत्य स्वर समासात गळतो, जसा आपल्या चुलत्याचा ‘चुलतभाऊ’मध्ये गळतो. तिथे नर्ससाठीचा जोडशब्द तोडून लिहिला तर त्याचा अर्थ ‘आजारी परिचारिका’ होतो. आपल्याकडे ‘पोटभर जेव’ आणि ‘पोट भर’ यांत तसेच अंतर आहे.

मोडी वाचणाऱ्याला या सांध्यांची किंमत रोज कळते. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरे लटकवत जायचे. शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘गावकर’ दिसले की तो माणूस, की ‘गाव’ आणि ‘कर’ असे दोन शब्द? वाक्य पुढे वाचून, शेजारचा आकडा पाहून ठरवायचे. छापखान्यांबरोबर बाळबोध रूढ झाली आणि शब्द सुटे झाले, तेव्हा हा निवाडा वाचकाकडून जुळाऱ्याकडे गेला.

आता तो फलक रंगवणाऱ्याकडे आला आहे. त्याने ‘पिंपळ नेर’ असे लिहिले तर परक्याला तिथे झाड दिसेल, नगर दिसणार नाही. उलट राळेगणसिद्धी जोडून लिहा की तोडून, दुसरे पद सोडून चालत नाही, कारण राळेगण थेरपाळ याच तालुक्यात आहे.