शास्त्रींचे दोन राजीनामे

लालबहादुर शास्त्री यांची एक गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगितली जाते: रेल्वेचा अपघात झाला आणि रेल्वेमंत्र्यांनी तडक राजीनामा दिला. गोष्ट खोटी नाही. पण १९५६ सालची साधने तारीखवार लावली, की अपघातही दोन दिसतात आणि राजीनामेही दोन.

पहिली तारीख २ सप्टेंबर १९५६. तेव्हाच्या हैदराबाद राज्यात महबूबनगरजवळ पूल कोसळून गाडीला अपघात झाला. शंभरावर माणसे दगावली. शास्त्री १३ मे १९५२पासून रेल्वेमंत्री होते. त्यांनी राजीनामा दिला, पंतप्रधान नेहरूंनी तो स्वीकारला नाही.

दुसरी तारीख २३ नोव्हेंबर. मद्रासहून तुतिकोरिनला निघालेली एक्स्प्रेस पहाटे अरियलूरजवळ मरुदैयारू नदीच्या पुरात सापडली. मृतांचा आकडा साधनांगणिक बदलतो, म्हणून ‘सुमारे दीडशे’ म्हणणेच सुरक्षित. शास्त्रींनी पुन्हा राजीनामा पाठवला. आपण गाजावाजा न करता पद सोडावे, त्यात आपले आणि सरकारचेही भले आहे, असा त्या पत्राचा आशय होता. या वेळी राजीनामा मंजूर झाला.

नेहरूंनी लोकसभेत केलेले निवेदन हे यातले सर्वांत भक्कम साधन. अपघाताला शास्त्री कोणत्याही प्रकारे जबाबदार आहेत म्हणून नव्हे, तर घटनात्मक औचित्याचा दाखला घालून दिला जावा म्हणून आपण राजीनामा स्वीकारत आहोत, असे त्यांनी सांगितले. निरोप देताना सहकाऱ्याविषयी चांगलेच बोलले जाते, ही शंका रास्त आहे. ती तपासायला पुढची नोंद उपयोगी पडते. सार्वत्रिक निवडणुकीनंतर, एप्रिल १९५७मध्ये, नेहरूंनी शास्त्रींना पुन्हा मंत्रिमंडळात घेतले, आणि खाते दिले ते परिवहन व दळणवळणाचे. ठपका असलेल्या माणसाकडे हे खाते सोपवले गेले नसते.

मग सप्टेंबरमध्ये नाकारलेला राजीनामा नोव्हेंबरमध्ये का स्वीकारला? इथून पुढे अनुमानाचा प्रांत सुरू होतो. तीन महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा पुलावर माणसे मेली होती आणि निवडणूक तोंडावर आली होती. या दोन्ही गोष्टींचा भार नेहरूंच्या निर्णयावर पडला असणे शक्य आहे. मात्र तेच कारण शास्त्रींच्या पत्राला चिकटवता येत नाही. निवडणूक अजून काही महिने दूर असताना, सप्टेंबरमध्येच, त्यांनी पद सोडण्याची तयारी दाखवली होती. राजीनामा देणे आणि तो स्वीकारणे या दोन स्वतंत्र कृती आहेत. त्यांची कारणेही वेगळी तपासायला हवीत.

‘तडक’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. मंत्र्यांच्या यादीनुसार शास्त्रींचा कार्यकाळ ७ डिसेंबर १९५६ रोजी संपतो आणि त्याच दिवशी जगजीवन राम रेल्वेमंत्री होतात. म्हणजे अपघात आणि पदमुक्ती यांत दोन आठवड्यांचे अंतर आहे.

एवढ्यावरून निष्कर्ष काढता येतो. १९५६चा राजीनामा ही चुकीची कबुली नव्हती आणि क्षणिक भावनेचा उद्रेकही नव्हता. खात्याचा प्रमुख खात्याच्या अपयशाला उत्तरदायी असतो, हे तत्त्व शास्त्रींनी एकाच वर्षात दोनदा लेखी मांडले. घरोघरच्या गोष्टीतून पहिला राजीनामा गळून पडला आहे. खरे तर शास्त्रींच्या हेतूचा सर्वांत सबळ पुरावा तोच आहे.