‘बॅटरसी’च्या नावाने विकल्या जाणाऱ्या डब्या खरंतर बनायच्या कुठे?

आज कुठे फिरायला गेलं की तिथलं नाव लिहिलेलं फ्रिज मॅग्नेट घरी येतं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हे काम तळहातावर मावणारी एक डबी करायची. बाथ, टनब्रिज वेल्स अशा औषधी झऱ्यांच्या गावी गेलेले लोक ‘बाथची छोटीशी भेट’ अशा अर्थाची ओळ लिहिलेली डबी आणायचे. तिच्यात तपकीर, गोड गोळ्या किंवा फॅशन म्हणून चेहऱ्यावर चिकटवायच्या काळ्या टिकल्या ठेवत. टिकल्यांच्या डबीत झाकणाच्या आत छोटा आरसाही असे.

डबी बनायची कशी?

आपल्या मीनाकारीसारखंच हे काम. तांब्याच्या पातळ पत्र्यावर काचेच्या भुकटीचा लेप देऊन तो भट्टीत भाजायचा. लेप दोन्ही बाजूंनी लागतो. एकाच बाजूला दिला, तर थंड होताना तांबं आणि काच कमी-जास्त आकसून पत्रा वाकतो, लेपाला तडे जातात.

त्यावर हाताने चित्र काढणं वेळखाऊ आणि महाग होतं. १७५१ मध्ये जॉन ब्रुक्स या आयरिश कोरीव कारागिराने छपाईच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. कोरलेल्या तांब्याच्या पाटीवरचं चित्र आधी कागदावर घ्यायचं, मग तो कागद डबीवर दाबायचा आणि डबी पुन्हा भाजायची. एका पाटीवरून अनेक डब्या निघू लागल्या. त्यामुळे श्रीमंतांची ही हौस मध्यमवर्गालाही परवडू लागली.

मग बॅटरसीचं नाव का झालं?

१७५३ मध्ये स्टीफन थिओडोर जॅन्सन यांनी ब्रुक्स यांना भागीदार करून लंडनजवळ बॅटरसी इथे कारखाना काढला. जॅन्सन पुढे लंडनचे लॉर्ड मेयरही झाले. पण १७५६ मध्ये त्यांचं दिवाळं निघालं आणि कारखाना बंद पडला. जेमतेम तीन वर्षांचा हा खेळ!

बिल्स्टन, वेन्सबरी आणि बर्मिंगहॅममध्ये मात्र हे काम एकोणिसाव्या शतकापर्यंत चाललं. बहुतेक डब्यांवर कारागिराची सही किंवा कारखान्याची खूण नसायची. त्यामुळे व्यापारी आणि संग्राहकांनी सरसकट सगळ्यांना ‘बॅटरसी’ म्हणायला सुरुवात केली. त्यात पुढे पॅरिसच्या सॅमसन कंपनीने हुबेहूब नकला काढल्या आणि गोंधळ वाढला.

आता जाणकार अशा डब्यांपुढे ‘बिल्स्टन’ किंवा ‘साऊथ स्टॅफर्डशायर’ असं लिहितात. कारागिरांची नावं बहुतेक हरवली, निदान त्यांच्या गावांना तरी श्रेय मिळू लागलं आहे.