कादरीची अदलाबदल : एका हिशेबाचा इतिहास

१ जुलै २०१९ रोजी कॅनडातल्या टोरंटो मेपल लीफ्स या हॉकी संघाने नाझेम कादरी हा आपला खेळाडू अमेरिकेतल्या कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच या संघाला देऊन टाकला. हॉकी म्हणजे आपली ध्यानचंदांची हॉकी नव्हे. ही बर्फावरची हॉकी, पायात धारदार पट्ट्यांचे बूट घालून खेळायची. कादरी टोरंटोत दहा वर्षे होता. २००९ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत संघाने त्याला सातव्या क्रमांकावर उचलले होते. त्याचे आजी-आजोबा लेबनॉनमधून कॅनडात आले. तो ओंटारिओतल्या लंडन या शहरात वाढला. कॅनडातल्या मुस्लिम घरांत त्याच्या नावाचा टी-शर्ट घालणारी मुले होती आणि आहेत.

असा खेळाडू संघाने का सोडला? आपल्यापैकी अनेकांच्या मनात पहिले उत्तर कोणते येईल, याचा मला अंदाज आहे. ते उत्तर बाजूला ठेवून आधी वहीखाते उघडावे असे मला वाटते. इथे वहीखातेच बोलते.

उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघाला खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा असते. तिला सॅलरी कॅप म्हणतात. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्या आकड्याच्या वर जाता येत नाही. आपल्याला हे आयपीएलमुळे समजायला सोपे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने हार्दिक पांड्याला गुजरातकडून परत आणले तेव्हा साडेसतरा कोटींचा कॅमेरॉन ग्रीन बंगळुरूला द्यावा लागला. पैसे अंबानींकडे कमी नव्हते, पण नियमाने बांधलेली थैली रिकामी होती. एकाला आत घ्यायचे तर दुसऱ्याला दार दाखवायचे.

हॉकीत हा नियम सहज आला नाही. नव्वदच्या दशकात लहान शहरांतले संघ पगाराच्या शर्यतीत मोडून पडत होते. १९९५ साली क्युबेकचा संघ उठून अमेरिकेत डेन्व्हरला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे अजिंक्य ठरला. तोच आजचा कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच. १९९६ साली विनिपेगचा संघ फिनिक्सला गेला. मालक म्हणत, खर्चाला लगाम हवा. खेळाडूंची संघटना म्हणे, बाजार ठरवेल तो पगार. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम या भांडणात रद्द झाला. स्टॅनले कप हा या खेळाचा सर्वोच्च चषक. १९१९ मध्ये फ्लूच्या साथीमुळे तो कोणालाच मिळाला नव्हता. २००५ मध्ये पगाराच्या वादामुळे मिळाला नाही. शेवटी खेळाडू नमले. चालू करारांतले पगार २४ टक्क्यांनी कापले गेले आणि पहिली मर्यादा ठरली ३ कोटी ९० लाख डॉलर.

नियमाचा हेतू समानतेचा होता, आणि श्रीमंत शहरांना सगळे तारे विकत घेता येणार नाहीत हे त्याने बऱ्यापैकी साधलेही. पण त्याच नियमाने संघ चालवणाऱ्याच्या टेबलावर एक नवा प्रश्न आणून ठेवला : घरातल्या कोणाला काढायचे? शिकागो ब्लॅकहॉक्सने जून २०१० मध्ये ४९ वर्षांनी चषक जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात विजयी संघ मोडला. जोनाथन टेव्स, पॅट्रिक केन आणि डंकन कीथ या तिघांशी मोठे करार आधीच झाले होते. मग त्या चषकाच्या फेऱ्यांत अकरा गोल करणारा डस्टिन बफलिन गेला, अँड्र्यू लॅड गेला, क्रिस व्हरस्टीग गेला. शिकागोने २०१३ आणि २०१५ मध्ये पुन्हा चषक जिंकला. त्यातून एक धडा सर्वांनी गिरवला : वरचे चार ठेवा, मधल्या फळीतले सोडा.

आता टोरंटोचा हिशेब. २०१९-२० ची मर्यादा होती ८ कोटी १५ लाख डॉलर. २०१८ च्या उन्हाळ्यात जॉन तवारेस आला, वर्षाला १ कोटी १० लाख. विल्यम नीलँडरचा करार झाला, सुमारे ७० लाख. फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑस्टन मॅथ्यूजने सही केली, १ कोटी १६ लाख. मिच मार्नरची सही बाकी होती. ती सप्टेंबरात झाली, १ कोटी ९ लाखांवर. संघात जास्तीत जास्त २३ खेळाडू ठेवता येतात. त्यातल्या चौघांनी जवळजवळ निम्मी थैली घेतली. उरलेल्या निम्म्यात एकोणीस जण बसवायचे होते.

व्यवस्थापक काइल ड्यूबस यांच्यासमोर मुख्य पर्याय दोन प्रकारचे होते. पहिला, जो महाग आहे आणि त्या किमतीचा खेळ आता करत नाही, त्याला काढणे. पॅट्रिक मार्लो तसा होता. वय ३९, पगार ६२ लाख ५० हजार. पण असा माणूस कोणी फुकट घेत नाही. २२ जून २०१९ रोजी तो कॅरोलायनाला गेला, आणि त्याला घेण्याची किंमत म्हणून टोरंटोने पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीतल्या निवडीचा हक्क सोबत दिला. कॅरोलायनाने मार्लोला पैसे देऊन मोकळे केले आणि त्या हक्कावर सेथ जार्विस हा तरुण निवडला, जो पुढे त्यांचा आघाडीचा खेळाडू झाला. बोजा उतरवण्यासाठी टोरंटोला वर पैसे मोजावे लागले, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा पर्याय होता ज्याला बाजारात भाव आहे त्याला देणे. इथे कादरी येतो. २०१६ साली त्याने सहा वर्षांचा करार केला होता, एकूण २ कोटी ७० लाख, म्हणजे वर्षाला ४५ लाख. पुढच्या दोन हंगामांत त्याने प्रत्येकी ३२ गोल केले. इतक्या गोलांसाठी ४५ लाख म्हणजे स्वस्तात मस्त. करार अजून तीन वर्षे बाकी होता. मधल्या जागेवर मॅथ्यूज आणि तवारेस आल्याने तो तिसऱ्या क्रमांकाला सरकला होता आणि त्या वर्षी १६ गोलांवर थांबला. संघाला बचावफळीत माणूस हवा होता, पण बाजारातून विकत घ्यायला थैलीत जागा नव्हती.

आपल्याकडे घर अडचणीत आले की काय विकतात? फुटकी घागर कोणी घेत नाही. दागिना मोडावा लागतो. कादरी हा टोरंटोच्या घरातला दागिना होता. त्याच्या बदल्यात टायसन बॅरी हा बचावपटू आला, ज्याच्या ५५ लाखांपैकी निम्मा पगार कोलोरॅडोने स्वतःच्या खात्यावर ठेवला. सोबत अलेक्झांडर केरफूट आला, ज्याच्याशी पुढे ३५ लाखांवर करार झाला. म्हणजे कादरीला देऊन टोरंटोचे एकूण पैसे वाचले नाहीत. ४५ लाखांच्या एका माणसाच्या जागी सुमारे ६२ लाखांत दोन माणसे आली. जो कमी पैशात जास्त देत होता, तोच चलन म्हणून वापरला गेला. सॅलरी कॅपमधली मला सर्वांत बोचणारी गोष्ट हीच आहे. महाग खेळाडूला त्याचा आकडाच सांभाळतो. स्वस्तात चांगले काम करणारा मात्र सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून तोच आधी जातो.

त्यातही कादरीचा एक हक्क होता. ठरावीक संघांची यादी देऊन तिथे जायला तो नकार देऊ शकत होता. त्याने आधी कॅलगरीला जाण्यास नकार दिला. त्याला टोरंटोतच राहायचे होते. पण कोलोरॅडो त्या यादीत नव्हता.

इथे वहीखात्याबाहेरची एक बाब आहे आणि ती लपवून चालणार नाही. २०१८ च्या बाद फेरीत बोस्टनविरुद्ध कादरीवर तीन सामन्यांची बंदी आली. २०१९ मध्ये त्याच बोस्टनविरुद्ध त्याने जेक डिब्रस्कच्या डोक्यावर आडवी स्टिक मारली आणि उरलेल्या मालिकेतून तो बाहेर गेला. टोरंटो दोन्ही वर्षी सातव्या सामन्यात हरला. जेव्हा कोणाला तरी सोडायचेच असते, तेव्हा अशा चुका हिशेबात धरल्या जातात. ती भीती अगदी पोकळही नव्हती. २०२१ मध्ये कोलोरॅडोकडून खेळताना त्याने पुन्हा एका बचावपटूच्या डोक्याला धडक दिली, आठ सामन्यांची बंदी ओढवून घेतली आणि त्याचा संघ दुसऱ्या फेरीत त्याच्याविना हरला.

मग टोरंटोचा निर्णय बरोबर होता का? बॅरी एकच हंगाम राहून एडमंटनला गेला. २०२० मध्ये साथ आली आणि दरवर्षी वाढेल असे धरलेली पगारमर्यादा ८ कोटी १५ लाखांवरच अडकून पडली. २०२१ च्या बाद फेरीत पहिल्याच सामन्यात तवारेस जखमी झाला आणि मधल्या जागेवर कसलेला तिसरा माणूस उरला नाही. तीन-एक अशी आघाडी घेऊनही टोरंटो माँट्रियालकडून हरला. साथीचा अंदाज कोणालाच नव्हता, हे खरे. पण सगळा डाव चार माणसांवर लावला की अंदाज चुकायला जागाच उरत नाही, हेही तितकेच खरे.

कादरीचे पुढे काय झाले? २०२१-२२ मध्ये त्याने ७१ सामन्यांत ८७ गुण मिळवले, कारकिर्दीतले सर्वाधिक. त्या वर्षीच्या बाद फेरीत सेंट लुईसच्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि गोलरक्षक जायबंदी झाला. त्यानंतर त्याच्या धर्मावरून आणि वंशावरून शिव्या, धमक्या आल्या. पोलिसांना बंदोबस्त ठेवावा लागला. पुढच्या सामन्यात, २३ मे २०२२ रोजी, त्याच शहरात त्याने तीन गोल केले. नंतर अंगठा मोडला, शस्त्रक्रिया झाली, तरी अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात उतरून जादा वेळेत विजयी गोल त्यानेच मारला. २६ जूनला कोलोरॅडो अजिंक्य ठरला. स्टॅनले कपवर नाव कोरले गेलेला तो पहिला मुस्लिम खेळाडू.

विजेत्या संघातल्या प्रत्येकाला चषक एक दिवस आपल्या गावी नेता येतो. ऑगस्टमध्ये कादरीने तो लंडनमधल्या मशिदीत नेला. त्या शहरात ६ जून २०२१ रोजी एका मुस्लिम कुटुंबावर मुद्दाम ट्रक घालून तीन पिढ्यांतल्या चौघांना ठार मारण्यात आले होते. एक नऊ वर्षांचा मुलगा वाचला. त्या शहरातल्या मुलांनी मशिदीत तो चांदीचा चषक हाताने शिवून पाहिला. याचे मोल कुठल्या वहीत लिहिता येत नाही.

अशी गोष्ट सांगताना आपल्याला दोन मोह होतात. एक, कादरी मुस्लिम होता म्हणून टोरंटोने काढला, असे म्हणून मोकळे होणे. मला त्याचा पुरावा दिसत नाही. दिसतो तो चार मोठ्या करारांचा भार, एका स्वस्त करारचा बाजारभाव आणि दोन बंदी. दुसरा मोह उलट बाजूचा : खेळात धर्म येत नाही, सगळा पैशांचा खेळ आहे, असे म्हणणे. सेंट लुईसच्या त्या आठवड्यात धर्म आला होता आणि पोलीस घेऊन आला होता. २०१९ चा प्रसंग हिशेबाचा होता आणि २०२२ चा द्वेषाचा. दोन्हींची सरमिसळ केली तर दोन्ही खोटे पडतात. जिथे अन्याय नाही तिथे तो ओरडून सांगितला, तर जिथे आहे तिथे आपले कोणी ऐकत नाही. इतिहास लिहिणाऱ्याने, त्यातही आपल्यासारख्यांनी, ही शिस्त पाळायला हवी.

हिशेब मात्र चषकावरही थांबला नाही. कोलोरॅडोची थैलीही बांधलेलीच होती. अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या कादरीला त्यांनी जाऊ दिले. १८ ऑगस्ट २०२२ रोजी त्याने सात वर्षांचा, ४ कोटी ९० लाखांचा करार केला, तोही कॅलगरीशी. २०१९ मध्ये ज्या शहराला त्याने नकार दिला होता, त्याच शहराशी. आणि त्याला जागा करण्यासाठी कॅलगरीने त्याच दिवशी शॉन मोनाहनला माँट्रियालला पाठवले. मोनाहन तिथे नऊ हंगाम खेळला होता आणि कमरेच्या शस्त्रक्रियांनी खंगला होता. त्याला कोणीतरी घ्यावे म्हणून कॅलगरीला पहिल्या फेरीचा हक्क सोबत द्यावा लागला.

कादरीच्या यशाचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटावा. पण त्याची गोष्ट मुलांना सांगताना मोनाहनचे नाव गाळू नये. तीन वर्षांपूर्वी हिशेबाच्या ज्या बाजूला कादरी होता, त्या बाजूला आता तो होता.