स्नातक

‘स्ना’ म्हणजे न्हाणे, या धातूपासून ‘स्नात’ आणि त्यावरून ‘स्नातक’ हा शब्द सिद्ध झाला असून, गुरुगृहीचे अध्ययन संपवून समावर्तनाच्या प्रसंगी विधिपूर्वक स्नान केलेला, ब्रह्मचर्याची मेखला उतरवून नवी वस्त्रे, छत्र व पादत्राणे धारण केलेला आणि गृहस्थाश्रमास पात्र ठरलेला तरुण, एवढा मोठा आशय तो वागवतो. पारस्कर गृह्यसूत्रात स्नातकांचे तीन प्रकार सांगितले आहेत: ज्याचे वेदाध्ययन पुरे झाले पण व्रताचा काळ भरला नाही तो विद्यास्नातक, ज्याचे व्रत पुरे झाले पण वेद अपुरा राहिला तो व्रतस्नातक, आणि ज्याने उभय साधले तो विद्याव्रतस्नातक. या भेदाविषयी मला मनापासून आदर वाटतो. कारण आजच्या विद्यापीठांच्या सनदेवर श्रेणी उमटते खरी, परंतु विद्यार्थ्याचे ज्ञान आणि त्याचे आचरण यांचा असा पृथक् हिशेब तीत मांडलेला नसतो. मनुस्मृतीने तर राजा व स्नातक समोरासमोर आले असता राजानेच वाट द्यावी, असा दंडक घातला आहे.

हिंदीने हा शब्द विद्यापीठीय व्यवहारात सर्रास रुळवला, आणि १९०२ मध्ये हरिद्वारनजीक स्थापन झालेल्या कांगडीच्या गुरुकुलातून बाहेर पडणारे विद्यार्थीही स्नातकच म्हणवले गेले. मराठीने ‘पदवीधर’ पसंत केला. संस्कृतात ‘पदवी’ म्हणजे मुळात वाट. स्थान, हुद्दा आणि मान हे तिचे उत्तरकालीन अर्थ होत. तरीही ‘स्नातक’ आपल्या दफ्तरातून इतका सहज गळावा, याची मला खंत वाटते.